चावी शेजारी आहे, भाग दोन

रविवारी सातला लागणार म्हणून
खळदकरांनी सहालाच गवार निवडून ठेवली.
पहिला त्यांनी पाहिला नव्हता.
"तुला आवडतो ना," म्हणाले, आणि चष्मा पुसून बसले
मुलाखतीला बसावं तसे.

पहिला मी विजयला पाहिलेला, तीन ते सहा,
लुना लक्ष्मी रोडच्या एका बोळात लावून.
मध्यंतराच्या आधी रीळ तुटलं
आणि अंधारात अख्ख्या बाल्कनीनं शिट्ट्या मारल्या,
मुकुंद सोडून. तो म्हणाला, "थांब, जोडतील."
जोडलं.

त्यातल्या नलूचा पुढचा एक दात किंचित तुटका.
दिगंबरच्या खिशात बसची तिकिटं, कॉलर उलटून शिवलेली.
दाराला कुलूप, चावी शेजारी, शेजारी गावाला.
दोघं जिन्यात बसतात, एक पेरू खातात आळीपाळीनं,
आणि शेवटचा घास कुणी घ्यायचा यावर
पाच मिनिटं कुणीच काही बोलत नाही.
एवढंच. सिनेमा म्हणजे एवढाच होता.

आता वाहिनीनं काढलेल्या या दुसऱ्यात
नलूचे दात एका रांगेत, शाळेच्या संचलनासारखे.
दिगंबर व्यायाम करतो.
"बघू" म्हणायच्या आधी तो जुना थांबायचा,
जिना उतरून परत चढावा इतका.
हाही थांबतो, पण नुसता,
पुढची ओळ आठवत असल्यासारखा.
जिना प्लायचा, पाय पडला की पोकळ वाजतो.
पेरू आहे. बशीत. चौकोनी फोडी, वर काटा खोचलेला.
त्याला कुणी हात लावत नाही.

दर आठ मिनिटांनी गुडघ्याचं मलम,
तळेगावजवळचे प्लॉट,
मग पुन्हा ती शेजारीण (तीही तिसरीच कुणी बाई)
दार उघडून म्हणते,
"अगं बाई, किती बदललात दोघं!"
मागून हसल्याचा आवाज.
झालं. एका वाक्यात मिटवलं.
खळदकरही हसले.

आमच्या वेळी तेवढं वाक्यही कुणी म्हटलं नाही.
नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या, चौघांनी पेढे खाल्ले,
आणि सहकारनगरच्या त्याच फ्लॅटमध्ये
त्याच खुर्चीला मी नवं कव्हर शिवून घेतलं.
खालच्या करमरकर वहिनी दूध घेताना
आधी माझ्याकडे बघायच्या, मग दारातल्या चपलांकडे.
हाक मारायला गेले की पहिले सहा महिने
माझ्या तोंडून "मु" निघायचं.
मी पुढे "मुगाची डाळ" म्हणायचे, घाईघाईनं.
आठवड्यातून चारदा खिचडी झाली.
ते खायचे. तूपही मागायचे नाहीत.

सव्वानऊला संपला एकदाचा.
नलू-दिगंबर विमानतळावर, उगाचच, बॅगा ओढत.
"वाया गेली संध्याकाळ," मी म्हटलं,
"ती नलू नव्हेच. तो तर अजिबात नव्हे."
खळदकर रिमोटचं मागचं झाकण बसवत राहिले,
ते कधीच नीट बसत नाही, रबर लावलंय.
"पण तो दिगंबर," ते म्हणाले,
"करत होता बिचारा प्रयत्न."

मग उठले, गॅसचा कॉक बघितला,
दूध झाकलं, आणि ओट्यापाशी उभं राहून विचारलं,
"जुना मिळेल का गं कुठे?
एकदा मलाही बघायचाय."

मी थांबले.
जिना उतरून परत चढावा इतकी.
"नाही मिळत आता," म्हटलं.

कपाटात, शालूच्या घडीखाली, व्हीसीडी आहे,
दोन तबकड्या, वर मुकुंदच्या अक्षरात नाव.
ती लावायचं यंत्र गेल्या दिवाळीत
भंगारवाल्याला दिलं खळदकरांनी,
मला विचारून.